न दुखणारा चट्टा आणि दारात उभी जीप

मागच्या अंकात कुष्ठरोगावर सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रं, व्हॉट्सॲप, फोन असा ढीगच पडला, त्यामुळे यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकतोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं अवैद्यकीय सहाय्यक म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत फिरलो, आधी सायकलवर, मग राजदूतवर. गावात आम्हाला ‘चट्टेवाले साहेब’ म्हणायचे. तेव्हा जे बघितलं त्यातून बोलतोय, गोळीचा डोस मात्र डॉक्टरच ठरवणार.

काका, माझ्या मिस्टरांना अंगावर बरेच चट्टे होते म्हणून पाच महिन्यांपूर्वी सरकारी दवाखान्यातून गोळ्यांचं पाकीट चालू झालं. रंग एकदम काळवंडला, शेजारचे विचारतात काय झालं. आता आठ दिवसांपासून जुनेच चट्टे लाल होऊन सुजलेत, कोपरात ठणका लागतो आणि डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाहीये. ते म्हणतात गोळ्या अंगावर आल्या, आता बंद करतो. काय करू? (पालघर जिल्हा)

हे पत्र पहिलं घेतलं कारण यात वाट बघायला वेळच नसतो. ताईंना फोनवर सांगून झालंय, पण असे अजून किती जण घरात बसले असतील म्हणून इथेही लिहितो. ही रिॲक्शन आहे. गोळ्यांचं विष चढलं किंवा औषध लागू पडलं नाही असं काही नाही यात, शरीराची प्रतिकारशक्ती त्या जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, एकदम तुटून पडते आणि ती मारामारी होते नसांमध्ये. कोपराच्या आतल्या बाजूला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच नस सुजलीये, म्हणून करंगळी वाकायला लागली. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पुढच्या पाकिटाची तारीख येईल तेव्हा बघू असं करायचं नाही. तिथे नसा आणि हाताची ताकद तपासून बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी देतात, सुरुवातीला जास्त आणि मग हळूहळू कमी करत किमान १२ आठवडे, कधी त्याहून जास्त. शुगर-बीपी असेल तर आधी सांगा आणि बरं वाटलं म्हणून ती गोळी मधेच सोडू नका. नस बिघडून सहा महिन्यांच्या आत हे चालू झालं तर ताकद परत यायची चांगली आशा असते, नंतर ती कमी कमी होत जाते.

आणि एमडीटीचं, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांचं, पाकीट रिॲक्शनमध्ये पण चालूच ठेवायचं. लोक नेमके इथेच गंडतात, त्रास झाला म्हणून पाकीट फेकतात. अंगावर जास्त चट्टे असलेल्यांना म्हणजे एमबीवाल्यांना १२ पाकिटं घ्यायची असतात, ती १८ महिन्यांच्या आत पूर्ण झाली पाहिजेत, एखादा महिना चुकला तरी पुढे चालू करता येतं, लाजून घरी बसू नका. रंग काळा होतो तो क्लोफाझिमिन नावाच्या गोळीने, औषध संपल्यावर काही महिने ते वर्षभरात मूळ रंग येतो, तोवर खोबरेल लावत राहा कारण कातडी कोरडी पडते. महिन्याच्या पहिल्या डोसला लघवी लाल होते ती रिफाम्पिसिनमुळे, रक्त नसतं ते. फक्त अंगभर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं, तो प्रकार वेगळा. शेजारच्यांना काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा, अंगावरचं औषध चालू आहे एवढं सांगितलं तरी पुरतं.

मी आशा कार्यकर्ती आहे. शोध मोहिमेत दिवसाला २० घरं करायची असतात. बायका पाठ दाखवत नाहीत, माणसं रोवणीवर गेलेली असतात, आणि एका भाऊंच्या मांडीवर चट्टा दिसला तर म्हणाले, “खाजत नाही, दुखत नाही जी, मंग कायले दाखवू?” आता अशा माणसाला काय समजवायचं? (गडचिरोली जिल्हा)

ताई, या भाऊंनी तर निदानच सांगून टाकलं तुम्हाला! खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दाखवायचं. गजकर्ण खाजतं म्हणून माणूस मेडिकलमध्ये मलम मागायला पळतो, काटा दुखतो म्हणून लगेच काढतो, आणि हा रोग असा की दुखणंच काढून घेतो, त्यामुळे दवाखान्यात जायचं कारणच उरत नाही. मग पाच-सात वर्षांनी माणूस येतो तो चट्ट्यासाठी येत नाही, बोटं वाकली किंवा तळपायाला भोक पडलं म्हणून येतो. तुमच्या ट्रेनिंगमध्ये याला विकृती श्रेणी दोन म्हणतात, मी त्याला आपण उशिरा पोचलो असं म्हणायचो.

आता कसं बघायचं ते. घरातल्या अंधारात नाही, अंगणात उजेडाला घ्या, तिरप्या उजेडात फिकट चट्टा नीट दिसतो. पेनचं टोक किंवा कापसाची वात आधी त्यांना डोळे उघडे असताना चांगल्या कातडीवर लावून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा आणि जिथे टेकलं तिथे त्यांनी स्वतःच्या बोटाने दाखवायचं. ‘कळलं का, कळलं का’ असं विचारत बसू नका, आपली माणसं मोठ्या मनाची, साहेबाला वाईट वाटू नये म्हणून ‘हो जी’ म्हणून टाकतात. कोड दुधासारखं पांढरं असतं आणि तिथे स्पर्श कळतो, शिब्यांवर बारीक कोंडा असतो, जन्मखूण जन्मापासून असते. पण एक ध्यानात ठेवा, चेहऱ्यावरचा चट्टा, खास करून लेकरांचा, कुष्ठरोगाचा असला तरी बधिर लागेलच असं नाही, तिथे शंका आली की सरळ पाठवा. आणि सगळ्यात फसवा पेशंट तो ज्याला धड चट्टाच नाही, कातडी नुसती तेल लावल्यासारखी चकचकीत, कानाच्या पाळ्या जाड, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. लोक म्हणतात काय तेज आलंय, तब्येत सुधारली! जंतू सगळ्यात जास्त याच माणसाच्या अंगात असतात.

चट्टा दाखवायला तयार नसतील तर कामाबद्दल विचारा. चालताना पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही असं होतं का, चुलीवरचं गंज उचलताना हात भाजला आणि फोड आल्यावरच कळलं का, रोवणीत बोटांत धानाचा पेंढा धरता येतो का, गुंडी लावायला वेळ लागतो का. विडी ओढणाऱ्यांची दोन बोटं बघा, मधे भाजल्याचे डाग असतील तर त्याला विडी संपलेली कळत नाहीये. असे कितीतरी पेशंट मी अंगावरचा कपडा न काढता ओळखलेत. नसा दाबून बघणं वगैरे तुम्ही करू नका, ते तंत्रज्ञाचं काम, आणि शेवटचा शिक्का डॉक्टरांचा.

बायकांचं म्हणाल तर तुमच्याबरोबरच्या पुरुष स्वयंसेवकाला बाहेर ओट्यावर बसवा आणि सासूला आधी तपासा, सासू तपासून झाली की सुना आपोआप तयार होतात, हा माझा अनुभव. रोवणीवर गेलेली माणसं संध्याकाळी पानठेल्यावर सापडतात. पण तिथे फक्त ‘उद्या घरी येतो’ एवढंच बोलायचं.

हे शेवटचं का सांगतोय ते ऐका. नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल, एका गावात शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर चट्टा सापडला, एकच, सहा महिन्यांच्या औषधात पूर्ण बरा होणारा. मला केवढा आनंद, लवकर सापडली म्हणून! पुढच्या आठवड्यात औषध द्यायला आम्ही खात्याची जीप घेऊन गेलो, जिच्यावर तेव्हा मोठ्या अक्षरात कुष्ठरोग लिहिलेलं असायचं, आणि ती थेट तिच्या दारात उभी केली. भोवती पोरं जमली. औषध सहा महिन्यांत संपलं, चट्टा गेला, पण तिच्या मोठ्या बहिणीची ठरलेली सोयरीक त्याच महिन्यात मोडली आणि त्या बापाने नंतर मला कधी दारात उभं केलं नाही. पुढे त्या आळीतली चार घरं पण तपासायला नाही म्हणाली आणि त्यातल्याच एका घरातून काही वर्षांनी वाकड्या बोटांचा माणूस आला. तो माझ्या हिशोबात आहे अजून. तेव्हापासून मी गाडी गावाबाहेर लावून चालत जायचो आणि पेशंटकडे जाताना मधल्या दोन-तीन घरी पण पाणी प्यायला थांबायचो, म्हणजे कोणाकडे आलोय ते कळत नाही. तुम्ही तर गावातल्याच, बाळंतिणीकडे जाता तशाच तिथे जाता येईल. तुमच्या वहीतलं नाव मात्र बचत गटाच्या मीटिंगमध्ये फुटता कामा नये.

शेजारच्यांना कुष्ठरोग निघाला तर आम्हा सगळ्या घराला आरोग्यवाल्यांनी एकेक गोळी दिली. म्हणजे आम्हाला पण झालाय का? (चंद्रपूर)

नाही हो. ती रिफाम्पिसिनची एकच मात्रा असते, रोग होऊ नये म्हणून. बांगलादेशात मोठा अभ्यास झाला होता त्यात अशा एका डोसने पहिल्या दोन वर्षांत धोका निम्म्याहून थोडा जास्त कमी झालेला दिसला. देण्याआधी तुमचं अंग तपासतात आणि टीबी आहे का, बाई गरोदर आहे का, लिव्हरचा त्रास आहे का हे विचारतात, तिथे खरं सांगा. तसेही १०० पैकी ९५ हून जास्त माणसांना या जंतूंविरुद्ध ताकद उपजतच असते. पण गोळी घेतली म्हणजे कायमची सुटका असंही नाही, जंतू इतका सुस्त आहे की एकाचे दोन व्हायला त्याला १२-१४ दिवस लागतात आणि चट्टा दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीससुद्धा. तेव्हा आंघोळीच्या वेळी स्वतःकडे बघत चला.

२००५ ला कुष्ठरोग संपल्याचं जाहीर झालं होतं ना? मग अजून सर्वे कशाला? (पुणे)

संपला असं नव्हतं म्हटलेलं, दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण राहिले असं म्हटलं होतं. हा आकडा सगळ्या देशाचा. एखाद्या तालुक्याचा काढला तर चित्र वेगळंच निघतं. जगात वर्षाला जेवढे नवे रुग्ण निघतात त्यातले निम्म्याहून जास्त अजून भारतातच असतात, आणि आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबार हे पट्टे सुटलेले नाहीत. त्या घोषणेनंतर घरोघरी बघणं ढिलं पडलं, पेशंट स्वतःहून येईल म्हणाले, आणि न दुखणाऱ्या रोगाचा पेशंट स्वतःहून कशाला येतोय! शेवटी २०१६ पासून परत शोध मोहिमा सुरू कराव्या लागल्या. लहान मुलांत नवे रुग्ण निघतात याचा अर्थ आजूबाजूला कोणीतरी मोठं माणूस बिनऔषधाचं फिरतंय.

शाळेत असताना मला झाला होता, वर्षभर औषध घेऊन पूर्ण बरा झालो, हातापायाला काही नाही. आता लग्नाचं बघतायत. मुलीला सांगू का? आई म्हणते जीभ आवर. (वय २७, नोकरी पिंपरी)

तुमच्या आईवर रागावू नका, त्या पिढीने माणसं गावाबाहेर झोपडीत टाकलेली डोळ्यांनी बघितलीयेत. मुद्द्याचं सांगतो, तुमच्यापासून कोणालाही लागण होणार नाही, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत ते थांबतं आणि तुमचं तर संपून कैक वर्षं झाली. रोग आनुवंशिक नाही, मुलांना रक्तातून जात नाही. २०१९ मध्ये कायदा बदलून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणच काढून टाकलंय, त्याआधी ते हिंदू विवाह कायद्यात सरळ लिहिलेलं होतं! तरी माझं मत विचाराल तर मुलीला सांगा, पण फक्त मुलीला, दोघं निवांत बसाल तेव्हा, आणि काहीतरी पाप कबूल केल्यासारखं नाही, लहानपणी टायफॉइड झाला होता हे जसं सांगतो तसं. मामा-काका-मध्यस्थ यांच्या बैठकीत हा विषय नको. तिला शंका असेल तर तुमच्या ओळखीच्या कुठल्याही स्किनच्या डॉक्टरकडे दोघं जाऊन या. ती नाही म्हणाली तर वाईट वाटेल, नाही असं नाही, पण लपवून झालेल्या संसारात नवरा आयुष्यभर जुनी कागदं लपवत फिरतो तेही मी बघितलंय.

वडिलांचा उपचार ८७ साली पूर्ण झाला. तरी तळपायाची जखम वर्षातून दोनदा परत येते. रोग उलटला का? (यवतमाळ)

बहुतेक नाही, एकदा तपासून मात्र घ्या. जंतू तेव्हाच मेले, पण मेलेली नस जिवंत होत नाही, त्यामुळे पाय अजून बधिर आहे आणि दगड, खिळा, घट्ट चप्पल काहीच कळत नाही. यात अँटिबायोटिकपेक्षा रोजची सवय जास्त कामाची. पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचे, गरम पाण्यात नाही, आणि पाण्याचा अंदाज तुम्ही घ्यायचा, त्यांना भाजलेलं कळणार नाही. मग घट्टे पडलेली कातडी खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायची आणि ओल्या पायावरच तेल चोळायचं म्हणजे भेगा पडत नाहीत, भेगेतूनच जखम सुरू होते. जखम असेल तेव्हा पायावर भार नको, हे म्हातारे ऐकत नाहीत, शेतावर जातातच, मग निदान पट्टी बांधून छोटी छोटी पावलं. एमसीआर रबराची मऊ चप्पल सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, मागून घ्या, झिजली की परत मागा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कुष्ठरोगमुक्त हा वेगळा प्रकार आहे, त्याचं सर्टिफिकेट काढलं नसेल तर काढा. जखमेतून घाण वास आला, पाय सुजला किंवा ताप आला तर घरी काही करत बसू नका.

आणि रोज संध्याकाळी चपलेत हात घालून बघायचं, खडा आहे का. झोपताना पाय पांघरुणात नीट गुंडाळायचे, मोजे असतील तर उत्तम. बधिर बोटं रात्री उंदीर कुरतडतात आणि माणसाला सकाळी रक्त बघून कळतं, माझ्या एका म्हाताऱ्या पेशंटने तर त्यासाठीच मांजर पाळली होती.