छातीतला ‘वात’ की हृदयाचा झटका? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. परवा कापूस वेचताना त्यांची छाती जड झाली आणि दरदरून घाम फुटला. वात धरला असेल म्हणून आम्ही ओवा दिला. तासाभराने बरे वाटले. आता दवाखान्यात न्यावे का? (दारव्हा तालुका)

उत्तर : आजच न्यावे. श्रमाने छाती आवळून यावी आणि बसताच मोकळी व्हावी, हे हृदयाच्या धमन्या चरबीच्या थराने अरुंद झाल्याचे लक्षण असते. पण त्रास तासभर टिकला आणि सोबत घाम फुटला, तेव्हा झटका येऊन गेल्याची शक्यता धरूनच तपासणी करावी लागते. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तो काही वेळाने पुन्हा काढावा आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ताची ट्रोपोनिन चाचणीही करावी. मधुमेहींना आणि स्त्रियांना पुष्कळदा छातीत न दुखता केवळ धाप लागते, मळमळते किंवा जबडा नाहीतर पाठ दुखते, आणि ‘वात’ म्हणून घरातच मोलाचा वेळ जातो याचे मला फार वाईट वाटते. पुन्हा असे झाल्यास त्यांना चालवू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. ईसीजीमध्ये धमनी पूर्ण बंद झाल्याचे दिसले आणि नागपूरला अँजिओप्लास्टी (बंद धमनी फुग्याने उघडणे) होईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जाणार असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात घेऊन मग पुढे जाणे हिताचे असते. हे इंजेक्शन १२ तासांपर्यंत देता येते, मात्र पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वाधिक येतो.

प्रश्न : मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त खर्रा खातो. हृदयाला धोका आहे का? (आर्वी)

उत्तर : आहे. धूर नसला तरी खर्ऱ्यातील तंबाखूचे निकोटीन रक्तात उतरते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. खर्रा सोडावा आणि रक्तदाब मोजून घ्यावा.

प्रश्न : माझ्या १३ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी ताप येऊन सांधे सुजले होते. हृदयाच्या झडपेला इजा झाल्याचे सांगून डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू केले. आता ती धावते-खेळते. इंजेक्शन थांबवावे का? (चिमूर तालुका)

उत्तर : थांबवू नये. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते, त्यातून हा संधिवाताचा हृदयरोग होतो. सांधे पूर्ण बरे होतात, झडपेवरचा व्रण मात्र राहतो. इंजेक्शनने तो व्रण भरत नाही. घशाचा पुढचा संसर्ग टळतो आणि झडप अधिक बिघडण्यापासून वाचते. झडपेला इजा असलेल्यांना हा उपचार किमान १० वर्षे, पुष्कळदा वयाच्या चाळिशीपर्यंत घ्यावा लागतो. मुलीच्या लग्नाच्या काळजीने काही घरांत हा आजार लपवला जातो. अरुंद झालेल्या झडपेचा त्रास गरोदरपणात एकाएकी वाढू शकतो, म्हणून सासरी आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना त्याची पूर्ण माहिती असलीच पाहिजे. इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) डॉक्टर सांगतील तेव्हा करावी आणि इंजेक्शनची तारीख सोयाबीनच्या सोंगणीत आली तरी चुकवू नये.