18 वर्षांवरील अविवाहित मुलीला गर्भपातासाठी आईवडिलांची संमती लागते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय 20 आहे, लग्न झालेले नाही आणि शिक्षणासाठी आपण पुण्यात वसतिगृहात राहता. पाळी चुकली म्हणून एका खासगी दवाखान्यात गेल्यावर दिवस गेल्याचे समजले; गर्भपाताविषयी विचारताच "आईवडिलांना, नाहीतर नवऱ्याला घेऊन या" असे सांगून आपल्याला परत पाठवले. त्यांना तसे करता येते का, आणि आपल्या खोलीतील 17 वर्षांच्या मुलीवर अशी वेळ आली तर तिच्यासाठी नियम काय आहेत, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: अशी अट घालण्याचा त्यांना अधिकार नाही. मी एका उपजिल्हा रुग्णालयातील मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या सरकारी सल्ला केंद्रात, समुपदेशक म्हणून काम करते आणि हाच अनुभव सांगणाऱ्या मुली माझ्याकडे वारंवार येतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

वैद्यकीय गर्भपात कायदा 1971 सालचा आहे. तो ज्या समितीच्या शिफारशींवरून झाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. या कायद्याच्या कलम 3 मध्ये संमतीची बाब एका वाक्यात मिटवली आहे: स्त्री 18 वर्षे पूर्ण केलेली असेल तर तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवरा, वडील, भाऊ, प्रियकर यांपैकी कोणाच्याही सहीची तेथे गरज नाही. 2021 च्या दुरुस्तीने आणखी एक अडसर दूर केला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याने राहिलेल्या गर्भाबाबतच्या तरतुदीत पूर्वी "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" असे शब्द होते. आता तेथे "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आहेत. पुढे 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका 25 वर्षांच्या अविवाहित स्त्रीच्या प्रकरणात निकाल देताना, 20 ते 24 आठवड्यांच्या गर्भपाताची मुभा अविवाहित स्त्रियांनाही आहे असे ठरवले. त्याच निकालात न्यायालयाने डॉक्टरांना उद्देशून असेही म्हटले आहे की, कुटुंबाची संमती, कागदोपत्री पुरावे किंवा न्यायालयाची परवानगी यांसारख्या कायद्यात नसलेल्या अटी त्यांनी घालू नयेत. आपल्याला सांगितलेली अट नेमकी याच प्रकारात मोडते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडे गर्भपात केवळ स्त्रीच्या मागणीवर होत नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका आणि त्यानंतर 24 आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांनी, गर्भ पुढे वाढल्यास स्त्रीच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचेल, असे मत सद्भावनेने नोंदवावे लागते. साधन निकामी ठरल्याचे स्त्रीने सांगितले तर 20 आठवड्यांपर्यंत ही मानसिक इजा कायद्याने गृहीतच धरली आहे. तरीही अखेरचे मत डॉक्टरांचे असल्यामुळे नकार द्यायला जागा उरते, आणि वय किंवा लग्न यांविषयीचे वैयक्तिक पूर्वग्रह त्याच जागेतून आत शिरतात. माझ्या मते ही कायद्यातील खरी उणीव आहे.

नाव फुटेल ही भीती आपल्यालाही असणार, म्हणून कागदपत्रांचे काय होते ते सांगते. गर्भपातापूर्वी स्त्री ज्या संमतिपत्रावर सही करते त्याला फॉर्म सी म्हणतात. हा फॉर्म आणि डॉक्टरांचे मत एका पाकिटात घालून ते बंद करायचे, त्यावर "गोपनीय" असे लिहायचे आणि ते सुरक्षित ठेवायचे असा नियम आहे. प्रवेशनोंदवहीत नाव एकदाच येते व तेथे एक अनुक्रमांक पडतो. त्यानंतर केसपेपर असो वा शस्त्रक्रियागृहाची वही, सगळीकडे नावाऐवजी तो क्रमांकच लिहायचा असतो. ती नोंदवहीही गोपनीय दस्तऐवज असते. डॉक्टरने स्त्रीचे नाव किंवा इतर तपशील कायद्याने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितले, तर 2021 पासून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे "मी तुमच्या वडिलांना फोन करतो" असे म्हणणारा डॉक्टर आपल्याला धाक घालत असला, तरी तसे केल्यास गुन्हा त्याच्याच हातून घडेल.

प्रत्यक्षात गोपनीयता त्याआधीच, केसपेपरच्या खिडकीवर, मोडते. मागे रांग उभी असते आणि आतून मोठ्याने विचारले जाते, "काय होतंय? लग्न झालंय का? मिस्टरांचं नाव?" त्यामुळे माझ्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी केसपेपरांवर नुसते "पोटदुखी" लिहिलेले असते. मुलगी समोर बसते, दाराकडे बघते, आणि दार लोटून घेतल्यावरच खरे कारण सांगते. आपल्यालाही खिडकीवर खरे कारण सांगायचे नसेल तर सांगू नका. "स्त्रीरोग विभागात दाखवायचे आहे" एवढे म्हणणे पुरेसे आहे.

डॉक्टर नकार का देतात, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यांतील प्रत्येक जण दुष्ट नसतो. महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्धची मोहीम कडक राबवली गेली, ती आवश्यकच होती. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की गर्भपात म्हटला की चौकशी मागे लागेल, अशी धास्ती खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्या मनात बसली. गर्भपाताच्या गोळ्या अनेक दुकानदार ठेवतच नाहीत. वास्तविक गर्भलिंगनिदान आणि गर्भपात यांचे कायदे वेगळे आहेत, आणि सहा-सात आठवड्यांच्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीत दिसतही नाही. सोनोग्राफीच्या वेळी जो फॉर्म एफ भरून घेतात त्यात जवळच्या नातेवाइकाचे नाव विचारतात, पण ते पतीचेच असले पाहिजे असे नाही. आईचे किंवा वडिलांचे नाव चालते, आणि केवळ नाव लिहिल्याने त्यांना कोणी कळवत नाही. याशिवाय "उद्या हिच्या घरचे येऊन दवाखाना फोडतील" ही भीती असते, आणि काही ठिकाणी उघड नैतिक न्यायनिवाडाही असतो. कारण कोणतेही असले तरी किंमत मुलीलाच मोजावी लागते, आणि ती आठवड्यांत मोजावी लागते.

आठवड्यांचा हा हिशेब नीट समजून घ्या. तो संबंध आल्याच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हाच साधारण चार आठवडे झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मर्यादा नऊ आठवडे आहे. मधले दिवस "परीक्षा होऊ दे", "पैसे जमू देत", "दुसऱ्या डॉक्टरांना विचारू" यांत जातात. नऊ आठवडे उलटले तरी मार्ग बंद होत नाही, परंतु मग ज्याला आपल्याकडे "पिशवी साफ करणे" म्हणतात ती प्रक्रिया करावी लागते, आणि जितका उशीर तितका त्रास व धोका वाढतो. म्हणून परत पाठवणाऱ्या दवाखान्याशी वाद घालत बसू नका; आधी दुसरे रुग्णालय गाठा, तक्रार नंतरही करता येते.

या गोळ्या डॉक्टरांच्या तपासणीशिवाय कुठून तरी मिळवून घेऊ नका, असे मी हात जोडून सांगते. गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, नलिका फुटून जिवावर बेतू शकते. पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर, ताप, किंवा सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजतील इतका रक्तस्राव, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत.

आता आपल्या मैत्रिणीविषयी. येथे उत्तर इतके सरळ नाही. 18 वर्षांखालील मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार पालक म्हणजे अल्पवयीन मुलीची देखभाल ज्याच्याकडे आहे अशी व्यक्ती. ती आई किंवा वडीलच असली पाहिजे असे नाही. जिच्याकडे मुलगी राहते ती मावशी किंवा आजीही सही करू शकते. दुसरा अडथळा अधिक मोठा आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलीशी आलेला लैंगिक संबंध, तिची इच्छा असली तरी, गुन्हा ठरतो, आणि ही गोष्ट कळताच पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. न कळवल्यास त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अत्याचार झालेल्या मुलीसाठी हा कायदा ढालच आहे. पण स्वेच्छेने संबंधात असलेली सतरा वर्षांची मुलगी "पोलीस केस" हे शब्द ऐकते आणि पुन्हा दिसत नाही. दिसते तेव्हा चार-पाच महिने झालेले असतात.

2022 च्या निकालात न्यायालयाने यावर काही प्रमाणात तोड काढली: अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, पोलिसांना माहिती देताना डॉक्टरांनी तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे अजून पुरेसे पोहोचलेले नाही, त्यामुळे मैत्रिणीवर कधी वेळ आलीच तर ही तरतूद तिला किंवा तिच्या सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःहून सांगावी लागेल. 1098 या बालमदत क्रमांकावरूनही मदत मिळते.

ग्रामीण भागात हाच पेच लग्न झालेल्या मुलींनाही पडतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न 18 पूर्ण होण्याआधी झाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर अल्पवयीन पत्नीशी संबंधही बलात्कार ठरतो. त्यामुळे सासू सुनेला घेऊन येते, आधार कार्ड घरी राहिल्याचे सांगते आणि वय 19 लिहा असा आग्रह धरते. कोवळ्या वयाच्या बाळंतपणात जी जास्तीची काळजी घ्यायला हवी, ती या खोट्या वयामुळे घेतली जात नाही.

गर्भनिरोधनाविषयी आपण विचारलेले नाही, तरी दोन गोष्टी सांगते. सरकारी कुटुंबनियोजन वर्षानुवर्षे "पात्र जोडपी" या नोंदवहीवर चालत आले आहे आणि त्या नोंदवहीत विवाहितांचीच नावे असतात. त्यामुळे आशाताई निरोध आणि माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घेऊन घरोघर जातात तेव्हा अविवाहित मुलगी त्यांच्या यादीत नसते. परंतु ही केवळ कामाची पद्धत आहे. सज्ञान अविवाहित व्यक्तीला साधने देऊ नयेत असा कोणताही कायदा नाही. आरोग्य केंद्रात निरोध, माला-एन, आठवड्याला घ्यायची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन हे सारे विनामूल्य असते. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. जितकी लवकर घ्यावी तितकी ती परिणामकारक ठरते. एकदा दिवस गेल्यावर मात्र तिचा उपयोग नाही, त्यामुळे आत्ता ती घेऊ नका.

आपण आत्ता करायचे ते असे. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहा, आधार कार्ड सोबत घ्या (वय 18 पूर्ण आहे हे दिसले की पालकांचा विषय तेथेच संपतो) आणि याच आठवड्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण वेळेत जा. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. औंधचे रुग्णालय त्यात येते, ससून वैद्यकीय महाविद्यालयाचे असल्याने तेथे थोडे शुल्क पडू शकते. खासगी ठिकाणीच जायचे असेल तर भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचे प्रमाणपत्र लावलेले आहे का ते आधी पाहा. ते दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे. विश्वासातील एक मैत्रीण सोबत न्या. कोणी पुन्हा पालकांची अट घातली तर शांतपणे म्हणा, "माझे वय 20 आहे, फॉर्म सीवर माझी सही पुरेशी आहे, आपण नकार देत असाल तर कारण लेखी द्या." लेखी कारण मागितल्यावर बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. तरीही नकार मिळाला, तर 104 या आरोग्य मदत क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तेथे स्त्रियांना वकिलाची मदत विनामूल्य मिळते. गर्भ ठेवायचा की नाही याविषयी मन अजून ठरत नसेल, तर तेही डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला मोकळेपणाने सांगा, म्हणजे हातात किती दिवस आहेत याची नेमकी कल्पना ते देतील.