आरतीचे फोटो हलतात, काय करू?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही गिरगावात चाळीत राहतो. गणपतीच्या आधी पहिला कॅमेरा घेतला, एपीएस-सी सेन्सरवाला (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), सोबत १८-५५ ची झूम लेन्स आली. दिवसा फोटो झक्कास येतात पण संध्याकाळच्या आरतीचे सगळे हललेले, टाळ्या वाजवणारे हात तर नुसते धुरासारखे, आणि बाप्पाचा चेहरा पांढराफट्ट. भाऊ म्हणतो मोबाईलच बरा होता. दुकानदाराने सांगितलंय आयएसओ (म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) अजिबात वाढवू नको. नेमकं काय चुकतंय?

उत्तर : भावाला सांगा, जरा दम धर. मोबाईल अंधारात एका क्लिकमागे गुपचूप बरेच फोटो काढतो, ते एकमेकांवर बसवतो आणि साफसूफ करून हातात देतो, तुमचा कॅमेरा बिचारा एकच काढतो आणि जे दिसलं ते देतो, म्हणून सुरवातीला मोबाईल भारी वाटतो.

आता हललेल्या फोटोतलं मागचं कपाट बघा. कपाट पण डबल दिसत असेल तर तुमचा हात हललाय, कपाट शार्प आणि माणसं धूर असतील तर माणसं हललीयेत. तुमचं हे दुसरं प्रकरण वाटतंय. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं हो, काकांच्या टाळ्या कशा सांभाळणार? ऑटोवर कॅमेऱ्याने बहुतेक १/१५ किंवा त्याच्याही खालचा शटर स्पीड धरला असेल (म्हणजे शटर सेकंदाचा पंधरावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ उघडं), फोटोची माहिती उघडली की दिसेल. शांत उभ्या माणसाला १/६० पुरतो, टाळ्यांना १/१२५ तरी हवा, नाचणाऱ्यांना १/२५०. म्हणून डायल ऑटोवरून काढून एस वर आणा (काही कॅमेऱ्यांवर तिथे टीव्ही लिहिलेलं असतं), शटर १/१२५ ठेवा, आयएसओ ऑटो करून त्याची वरची मर्यादा ६४०० ला बांधा.

हो, ६४००. दुकानदाराचा सल्ला जुन्या कॅमेऱ्यांच्या काळातला आहे, तेव्हा ८०० च्या पुढे गेलं की फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसायचं. आता दाणे दिसतात पण चालतात, आणि नंतर कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी घालवता येतात, हललेला चेहरा मात्र कोणाच्या बापाला सरळ करता येत नाही. मी हे मावसबहिणीच्या हळदीत शिकलो, आयएसओ ४०० वर अडून बसलो आणि दीडशे फोटोत एकाही बाईला धड डोळे नाहीत, मावशी अजून दर लग्नात आठवण काढते.

झूमपण करू नका. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त. तुमची लेन्स १८ ला (म्हणजे झूम न करता) एफ ३.५ उघडते आणि ५५ ला फक्त एफ ५.६, म्हणजे नुसतं झूम केल्याने निम्म्याहून जास्त उजेड गेला. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. फक्त १८ ला आजीला फ्रेमच्या कडेला उभं करू नका, ताणून रुंद दिसतील आणि बोलणी तुम्हाला बसतील.

बाप्पा पांढरा का? मूर्तीवर फोकस लाईट आणि मागे काळा पडदा. कॅमेऱ्याला वाटतं सगळा अंधारच आहे, तो आख्खी फ्रेम उजळवतो आणि मूर्ती करपते. प्लस-मायनसचं बटण दाबून मायनस एकवर न्या, लगेच दागिने दिसायला लागतील. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर नकोच, निरांजनाचा पिवळा उजेड मरतो आणि मागच्या तसबिरीच्या काचेत फ्लॅशच चमकतो. रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलंत तर फार पिवळं झालेलं नंतर सहज सुधारता येतं.

अजून एक, फोटोत आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडला समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातलं एलईडी तोरण सेकंदाला १०० वेळा लुकलुकतं. सायलेंट मोड (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करा आणि १/१०० वर या.

प्रश्न : कमी उजेडासाठी सगळे ५० एमएमची एफ १.८ लेन्स घे म्हणतात. घेऊ का? (एक वाचक, परळ)

उत्तर : लेन्स छानच. एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पण एपीएस-सी वर ती ७५ सारखी दिसते, म्हणजे आणखी झूम केल्यासारखी, दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही दोनच डोकी मावतील. घरातलेच फोटो जास्त काढणार असाल तर ३५ ची एफ १.८ बघा. आणि १.८ वर फोकस डोळ्यावरच ठेवा, नाक शार्प आणि डोळे धूसर असले फोटो मला आठवड्याला चार येतात.

प्रश्न : मरीन ड्राईव्हला रात्री ट्रायपॉड लावला तरी फोटो हललेले. (एक वाचक, माहीम)

उत्तर : बटण बोटाने दाबता ना? दोन सेकंदांचा टायमर लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका आणि त्याला बॅग टांगा, समुद्राचा वारा ट्रायपॉडला सुखाने उभं राहू देत नाही. आणि काळीकुट्ट रात्र कशाला, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात, तेव्हा आयएसओ १००, एफ ८ आणि चार-आठ सेकंदांपासून सुरवात करा, गाड्यांच्या लाल रेघा आपोआप येतील. फ्रेमसाठी खालच्या टेट्रापॉडवर उतरू नका, शेवाळ असतं. घरी आल्यावर लेन्सची काच तशीच कपड्याने घासू नका, खारा थर बसलेला असतो, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा मग हलकेच पुसा.