वाचकांचे प्रश्न : एनसीसीतून लष्करी अधिकारी

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी कॉलेजच्या एनसीसीत नाव घातलं. 'सी' सर्टिफिकेट मिळालं की लेखी परीक्षा न देता लष्करात अधिकारी होता येतं, असं सीनियर सांगतात. हे खरं आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लेखी परीक्षेपुरतं खरं आहे. 'एनसीसी स्पेशल एंट्री'ने अर्ज केला तर यूपीएससीची सीडीएस (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा) द्यावी लागत नाही, निवडक उमेदवारांना सरळ एसएसबीचं, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्यांचं, बोलावणं येतं. पण एसएसबीत सर्टिफिकेटमुळे कुठलीही सवलत मिळत नाही. तिथे तुम्ही आणि सीडीएस पास होऊन आलेला मुलगा एकाच रांगेत.

अटी नीट वाचा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वय 19 ते 25, पदवीला सरासरी 50 टक्के आणि 'सी' परीक्षेत किमान 'बी' ग्रेड. नुसतं पास होऊन 'सी' ग्रेड आली तर ही वाट बंद. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, मात्र आधीच्या वर्षांची सरासरी 50 टक्के हवी. एखाद्या सेमिस्टरला विषय राहिला आणि टक्का घसरला की चांगले कॅडेटही बाहेर राहतात. परेडच्या नादात प्रॅक्टिकल बुडवू नका.

'सी'ची परीक्षा एनसीसीच्या तिसऱ्या वर्षी, 'बी' सर्टिफिकेट झाल्यावर. तिला बसायला 75 टक्के परेड हजेरी आणि शिबिरं लागतात. वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचं असतं. ते घरच्या लग्नासाठी चुकवलं तर पुढे जागा मिळेलच असं नाही. शिबिराचं प्रमाणपत्र आणि नावनोंदणीची तारीख युनिटकडून आत्ताच तपासून घ्या. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी जुळत नसेल तर दुरुस्तीला महिने जातात.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी चाळणी होते : बुद्धिमापन चाचणी, मग एक धूसर चित्र 30 सेकंद बघून चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. बरेच जण त्याच दिवशी परत जातात. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या येतात. त्यात 60 शब्दांवर एकेक वाक्य लिहायचं, प्रत्येकाला 15 सेकंद, आणि 60 प्रसंगांत तुम्ही काय कराल ते अर्ध्या तासात लिहायचं. क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टी इथे उघड्या पडतात, कारण मैदानावरचं वागणं आणि मुलाखत त्या गोष्टींशी जुळत नाही. त्यापेक्षा एनसीसीच्या तुकडीत अंडर ऑफिसरची (कॅडेटांच्या म्होरक्याची) जबाबदारी घ्या, शिबिरात वीस जणांचं काम वाटून द्या. सांगण्यासारखं तिथूनच मिळतं.

महाराष्ट्रातल्या मुलांनी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी जरूर करावी. 'सी' सर्टिफिकेट 'ए' किंवा 'बी' ग्रेडमध्ये असेल आणि एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस असेल, तर तिथल्या एसएसबी वर्गाला अर्ज करता येतो. राहणं-जेवण मोफत. माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत 49 आठवडे. नेमणूक शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात.

प्रश्न : मुलींनाही ही वाट आहे का?
– एक वाचिका, लातूर

उत्तर : आहे, अविवाहित मुलींना. जागा मुलांपेक्षा खूप कमी, म्हणून सीडीएसचा अर्जही सोबत भराच. तिथूनही मुलींना चेन्नईलाच जाता येतं.