ब्रिटनमधले मोठे शेफ कॉलेजातून येतात की किचनमधून?

तुमचा प्रश्न असा: भाचा बारावी झालाय, ब्रिटनमध्ये जाऊन शेफ व्हायचं म्हणतो, तिथले नावाजलेले शेफ कुठल्या वाटेने वर आले आणि डिग्री नसेल तर चालतं का?

मी नऊ वर्षं इंग्लंडमधल्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली. कॉमी, म्हणजे सर्वांत कनिष्ठ शेफ म्हणून लागलो, सू-शेफ, म्हणजे हेड शेफच्या खालोखालचा होऊन परतलो. तिथे डिग्री मला एकदाही कुणी विचारली नाही. विचारतात ते एवढंच, "कुणाच्या किचनमध्ये होतास?" आपल्याकडे गाणाऱ्याला गुरू कोण, घराणं कुठलं हे विचारतात, तसंच. माझ्याकडे पुण्याची हॉटेल मॅनेजमेंटची पदवी होती. पहिल्या ट्रायलच्या दिवशी हेड शेफने ती फाइल उघडलीसुद्धा नाही. तीन अंडी आणि लोणी पुढे ठेवलं, म्हणाला ऑम्लेट कर.

हे घराण्याचं प्रकरण नीट समजायला लंडनच्या चेल्सी भागातला एकच पत्ता पुरेसा आहे, रॉयल हॉस्पिटल रोडवरचा. 1977 मध्ये पिएर कॉफमन या फ्रेंच शेफने तिथे 'ला तान्त क्लेर' उघडलं. कॉफमन त्याआधी रू बंधूंकडे होता. आल्बेर आणि मिशेल रू या भावांनी 1967 मध्ये लंडनमध्ये 'ल गावरोश' सुरू केलं होतं आणि 1982 मध्ये मिशेलिन या फ्रेंच रेस्टॉरंट-गाइडचे तीन स्टार, म्हणजे सर्वोच्च मान, मिळवणारं ते ब्रिटनमधलं पहिलं रेस्टॉरंट ठरलं. आजच्या निम्म्या ब्रिटिश किचनचं मूळ शोधत गेलात तर तुम्ही रू बंधूंच्याच दारात येऊन उभे राहाल, असं माझं मत आहे.

लीड्सचा मार्को पिएर व्हाइट असाच या दारात आला. वडील शेफ होते, शाळा त्याने कसलंही सर्टिफिकेट न घेता सोडलेली. हॅरोगेटच्या एका हॉटेलात सुरुवात, मग इल्कलीचं 'बॉक्स ट्री', मग ल गावरोश, पुढे कॉफमनकडेही. 1987 मध्ये त्याने लंडनमध्ये 'हार्वीज' उघडलं. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तीन स्टार मिळवणारा तो पहिला ब्रिटिश शेफ झाला.

हार्वीजच्या किचनमध्ये एक स्कॉटिश पोरगा राबत होता, गॉर्डन रॅमझी. फुटबॉलर व्हायचं त्याचं स्वप्न दुखापतीने मोडलं होतं. हार्वीजनंतर ल गावरोश, मग पॅरिसला गी सावोआ आणि जोएल रोबुशों यांच्याकडे. आणि 1998 मध्ये कॉफमनने रॉयल हॉस्पिटल रोडवरची जागा सोडली तेव्हा ती घेतली रॅमझीनेच. 2001 मध्ये तिथे तीन स्टार आले. 2007 मध्ये त्याच किचनची हेड शेफ झाली क्लेअर स्मिथ. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याची ही मुलगी सोळाव्या वर्षी स्वयंपाक शिकायला घर सोडून इंग्लंडला आली होती. 2017 मध्ये तिने स्वतःचं 'कोअर' उघडलं, 2021 मध्ये त्यालाही तीन स्टार मिळाले. कॉफमनपासून स्मिथपर्यंत हात कसा हातात दिला गेलाय ते बघा. मला हे आजही रोमांचक वाटतं.

या मोठ्या नावांखालची शिडी सगळ्यांना सारखीच. भांडी घासणारा केपी, त्यावर कॉमी, मग डेमी, मग शेफ द पार्टी, म्हणजे एका विभागाचा मालक: गार्निश, मासे, सॉस, पेस्ट्री. मग सू-शेफ, हेड शेफ. ही रचना एस्कॉफिए या जुन्या फ्रेंच शेफची. 1890 पासून तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होता. मी सात महिने फक्त गार्निशवर होतो. रोज तेच गाजर, तीच बटाट्याची प्युरे. सर्व्हिस चालू असताना हात आपोआप चालायला लागले तेव्हा मला माशांच्या विभागात हलवलं. एका किचनमध्ये वर्ष-दीड वर्ष झालं की आपलाच हेड शेफ ओळखीच्या दुसऱ्या शेफला फोन करतो. माझ्या पुढच्या दोन्ही नोकऱ्या अशा फोनवर ठरल्या.

कॉलेजं आहेत, चांगली आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधलं केटरिंग कॉलेज 1910 पासूनचं. टीव्हीवरचा प्रसिद्ध शेफ जेमी ऑलिव्हर तिथलाच. पण तिथली बरीच मुलं अप्रेंटिस असतात, किचनमध्ये पगारावर काम आणि त्यातूनच वेळ काढून कॉलेज. 1984 पासून रू स्कॉलरशिप नावाची स्पर्धाही आहे. पहिला विजेता अँड्र्यू फेअरली वीस वर्षांचा होता, त्याला फ्रान्सला मिशेल गेरारकडे शिकायला मिळालं.

बाहेरून आलेलेही आहेत. हेस्टन ब्लुमेंथल बहुतेक सगळं स्वतःच शिकला आणि 1995 मध्ये ब्रे गावात 'फॅट डक' उघडलं. फर्गस हेंडरसन आर्किटेक्चर शिकलेला. पण भाच्याने यांच्याकडे बघून बेत आखू नये.

आता कष्टांचं. पहिल्याच दिवशी माझ्यापुढे एक कागद आला: आठवड्याला सरासरी 48 तासांची कायदेशीर मर्यादा मी आपखुशीने सोडतो. सही केली. त्या हॉटेलात 65-70 तास भरायचे, पगार मात्र 48 चाच. दुपारी तीन तासांची सुट्टी असली तरी घरी जाणं परवडायचं नाही, स्टाफरूमच्या बाकावर झोपायचो. चाळिशीच्या आत माझे बरेच सहकारी शाळा-ऑफिसांच्या केटरिंगकडे वळले. तिथे शनिवार-रविवार मिळतो, मुलं दिसतात. त्यांना मी हरलेले समजत नाही.

शेवटचं, आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. जुलै 2025 पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पदवीच्या पातळीचं काम लागतं, त्यामुळे भारतातून नव्याने शेफ म्हणून थेट जाण्याचा रस्ता जवळजवळ बंद झालाय. मुंबईत जन्मलेले सायरस तोडीवाला ताजमधून आणि विनीत भाटिया ओबेरॉयमधून तयार होऊन नव्वदच्या दशकात लंडनला गेले. 2001 मध्ये भाटियांना मिशेलिन स्टार मिळाला. व्हिसाचे नियम आता वेगळे असले तरी इथल्या चांगल्या किचनमध्ये आधी हात तयार करण्याचा त्यांचा क्रम आजही लागू आहे. दोन वर्षांसाठी यंग प्रोफेशनल्स नावाचा व्हिसा आहे, पण तो लॉटरीने मिळतो आणि त्याला पदवी लागते. किचनवाले विचारत नसले तरी व्हिसावाले विचारतात. म्हणून भाच्याला पदवी करू द्या, फक्त सुट्ट्या एखाद्या चालत्या किचनमध्ये काढायला सांगा.