सील दोनदा बदललं तरी हाउसिंगमधनं ऑइल येतंच

प्रश्न : माझी डिझेल जीप आहे, दहा वर्षं जुनी, मागच्या चाकांना ड्राइव्ह. रोज शेतातल्या रस्त्यानं जाणं-येणं आणि महिन्यातनं दोनदा तरी दाजीपूरवरनं फोंडा घाट उतरून कोकणात फेरी. मागच्या डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) जॉइंट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडनं येणारा दांडा, जिथं जोडलाय तिथनं ऑइल गळतंय. आठ महिन्यांत दोनदा सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) बदललं, पंधरा दिवस कोरडं राहतं आणि परत सगळं ओलं. आता मेस्त्री म्हणतोय क्राउन-पिनियनचं (आतल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचं) पूर्ण काम काढूया. करू का? (वाचक, राधानगरी तालुका)

उत्तर : दादा, थांबा जरा. एवढं मोठं काम काढायच्या आधी ब्रीदर बघितलाय का ते मेस्त्रींना विचारा. मागच्या ऍक्सलच्या हाउसिंगवर, म्हणजे लोखंडी कवचावर, वरच्या अंगाला एक छोटी टोपीवाली निपल असते, काही गाड्यांत तिला रबरी पाइप लावून वर चॅसिसपर्यंत नेलेला असतो, तोच ब्रीदर. गाडी पळाली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते आणि ती बाहेर जायची वाट एवढीच. ही वाट चिखलानं बुजली की आत प्रेशर तयार होतं आणि ते सीलच्या ओठाखालनं ऑइल बाहेर ढकलतं, मग सील कितीही नवीन घाला. तुमचा शेतातला रस्ता आणि वर लोड घेऊन घाट चढायचा, म्हणजे मला तरी पहिला संशय ब्रीदरचाच येतोय. काढून डिझेलमध्ये धुवा, टोपी बोटानं सैल फिरली पाहिजे आणि हवा मारली की आरपार गेली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण तेच सोडून देतात.

ब्रीदरवरनंच आठवलं. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवेवर पाणी आलेलं, तसल्या पाण्यात तापलेली गाडी घातली की हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं किंवा सीलमधनं पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, तसं चालवलं तर बेअरिंग गंजतात.

ब्रीदर मोकळा असेल तर लेव्हल बघा. गाडी सपाट जागेवर, थंड झालेली, फिलर प्लग काढल्यावर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे, बहुतेक गाड्यांना हेच माप. गळतंय म्हणून वरनं जास्त भरत राहिलं तर अजूनच गळतं. आणि ऑइल बदलणार असाल तर आधी फिलर प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन उघडा, नाहीतर सगळं ऑइल जमिनीवर आणि वरचा प्लग गंजून बसलेला. नुसतं 'नव्वद नंबर द्या' म्हणू नका, डब्यावर जीएल-5 (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या, कारण क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर जोरात घासत फिरतात, साधं ऑइल तिथं टिकत नाही.

तरीही ओलंच राहिलं तर फ्लँज (जॉइंट शाफ्ट ज्याला बोल्टनं जोडतात ती चकती) काढायला लावा. सीलचा ओठ जिथं घासतो तिथं नख फिरवा. नख अडकलं म्हणजे चर पडलीय, तिच्यावर कुठलंच नवीन सील टिकणार नाही. फ्लँज बदला किंवा त्यावर स्टीलचं पातळ स्लीव्ह बसवून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं करणारे आहेत. फ्लँज हातानं वर-खाली हलत असेल तर मात्र पिनियनचं बेअरिंग गेलंय आणि तुमच्या मेस्त्रींचं म्हणणं बरोबर.

एक कळकळीनं सांगतो, पिनियनचा नट हवेच्या गनने कचकचून आवळू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत दबणारा स्पेसर असतो, जास्त आवळला की बेअरिंगवर ताण येतो, ती तापतात आणि काही दिवसांत हाउसिंग आवाज करून रडायला लागतं. खोलायच्या आधी पिनियन फिरवायला किती जोर लागतोय ते मोजून ठेवायला सांगा आणि बसवताना तेवढंच ठेवा.

प्रश्न : माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल दिसतंय, ब्रेक पण एका बाजूला ओढतो. पुढच्या आठवड्यात पन्हाळ्याला जायचंय, तोवर चालेल का? (वाचक, कागल)

उत्तर : नाही चालणार, ताई. ऍक्सल सील गेलंय असं वाटतंय आणि ऑइल ड्रममध्ये ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीवर) चाललंय. बोटावर घेऊन वास घ्या, गंधकासारखा उग्र आला तर डिफरन्शियलचं, तसा नसेल आणि ब्रेक ऑइलची टाकी उतरली असेल तर व्हील सिलिंडर लीक आहे, दोन्ही सारखंच धोक्याचं. ऑइल पिलेला लायनर पेट्रोलनं धुवून परत बसवू नका, तापला की ते परत वर येतं. ज्यातनं गळतंय ते बदला, ब्रेक शू दोन्ही चाकांचे नवीन टाका, ब्रीदर साफ करा आणि हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.