सीटी नॉर्मल पण बाबा शुद्धीवर नाहीत: आजच अँजिओग्राफी मागा

ताई, बाबांना रात्री चक्कर आणि उलट्या, मग जीभ जड, पहाटेपासून हाकेला ओ नाही, आणि सीटी नॉर्मल म्हणून डॉक्टर "वाट बघू" म्हणतात. माझ्या मोठ्या भावाचं अगदी असंच झालं होतं, म्हणून लगेच लिहितोय. मी डॉक्टर नाही. बाबांचं कारण साखर, सोडियम किंवा इन्फेक्शनही असू शकतं. ते तपासू देत, पण सोबतच सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध सोडून मान-मेंदूच्या धमन्या दाखवणारा सीटी, व्हायला हवी.

साध्या सीटीत रक्तस्राव कळतो, बंद पडलेली धमनी बऱ्याचदा कळत नाही. ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठाला, रक्त देणारी बॅसिलर धमनी बंद झाली की माणूस कोमात जाऊ शकतो. इस्केमिक स्ट्रोकमध्ये (रक्तपुरवठा अडून होणाऱ्या झटक्यांत) हा प्रकार जेमतेम १ टक्का, म्हणून चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

आम्ही उपनगरातल्या एका हॉस्पिटलात होतो, नाव घेत नाही. भावाचे हातपाय मधूनच ताठ व्हायचे, म्हणून आकडी ठरवून मोकळे झाले. अँजिओचं विचारलं तर आधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट येऊ दे. तो आला, तर टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीची) मंजुरी येऊ दे. फाइल काउंटर आणि आयसीयूमध्ये फिरत राहिली आणि माणूस तसाच पडून. याचा राग आजही जात नाही. किडनीचा जुना आजार नसेल तर मोठी धमनी बंद असल्याच्या संशयात क्रिएटिनिनसाठी अडू नये, असं मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे! शेवटी अँजिओ झाली तेव्हा स्क्रीनवर मानेतून वर येणाऱ्या दोन्ही धमन्या स्वच्छ दिसत होत्या. त्या जुळून जी एक होते, ती बॅसिलर, तिची पांढरी रेघ थोडी वर जाऊन तुटलेली.

एमआरआयच्या नंबरसाठी थांबू नका, सुरुवातीला तोही कधीकधी निर्दोष येतो. "उशीर झाला" हेही लगेच मान्य करू नका. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अटेंशन आणि बाओचे या रुग्णांवरच्या संशोधन-चाचण्यांमध्ये निवडक रुग्णांना गुठळी काढल्याचा फायदा झाला, पहिलीत १२ तासांच्या आत, दुसरीत ६ ते २४ तासांत. म्हणून बाबा शेवटचे धडधाकट कधी दिसले ती वेळ प्रत्येक डॉक्टरला सांगा.

अजून एक. अशा झटक्यात कधीकधी माणूस शुद्धीत असतो, पण फक्त डोळेच हलवू शकतो. बाबांच्या पापण्या उचलून त्यांना डोळे वर-खाली करायला सांगा. केले, तर ते सगळं ऐकताहेत. मग खाटेशेजारी कुणालाही काहीबाही बोलू देऊ नका.

हलवायचं ठरलं तर आधी फोनवर एवढंच विचारा: थ्रोम्बेक्टॉमी (धमनीतली गुठळी काढणं) करणारी टीम आत्ता हजर आहे का? नुसती फिल्म नको, स्कॅनची सीडी घ्या. तुम्ही कुठल्या भागात आहात ते कळवा.